रक्तात कॅल्शियम जास्त, हाडे मात्र ठिसूळ: आईची पॅराथायरॉईडची शस्त्रक्रिया करावी का?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी आई 62 वर्षांची असून सांगलीजवळच्या आमच्या गावी वडिलांबरोबर राहते. मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो. गेल्या सहा वर्षांत तिला मुतखड्याचा त्रास तीन वेळा झाला. पहिले दोन खडे आपोआप पडले, तिसरा दुर्बिणीने काढावा लागला. प्रत्येक वेळी भरपूर पाणी प्यायला आणि पालक, टोमॅटो बंद करायला सांगून तिला घरी पाठवण्यात आले. खडे पुन्हा पुन्हा का होत आहेत, हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि खरे सांगायचे तर आम्हीही विचारला नाही.

दोन-तीन वर्षांपासून तिचे गुडघे आणि कंबर दुखते, जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही, बद्धकोष्ठ असते आणि रात्री लघवीसाठी तीन-चार वेळा उठावे लागते. भजनी मंडळाचा हिशेब वर्षानुवर्षे पैशापैशाने ठेवणारी आई अलीकडे गॅसवर दूध ठेवल्याचे विसरते. हे सगळे आम्ही वयाच्या खात्यावर टाकले होते. गेल्या हिवाळ्यात ओसरीवर पाय घसरून ती हातावर पडली आणि डावे मनगट मोडले. तिथल्या डॉक्टरांनी हाडे ठिसूळ झाल्याचे सांगून दिवसाला दोन कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्याला एक याप्रमाणे ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या दिल्या. मळमळते म्हणून तिने दोनच पुड्या घेतल्या, गोळ्या मात्र नेमाने घेतल्या. त्यात भर म्हणून शेजारच्या काकूंनी मोबाईलवर आलेला संदेश वाचून दाखवला आणि आईने गुडघ्यांसाठी रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून खायला सुरुवात केली.

प्लास्टर निघाल्यावर मी तिला पुण्यात आणून सगळ्या तपासण्या करून घेतल्या. रक्तातील कॅल्शियम 11.6 निघाले (प्रयोगशाळेची मर्यादा 8.6 ते 10.2 मिलिग्रॅम), अल्ब्युमिन 4.0, फॉस्फरस 2.2, क्रिएटिनिन 0.9, ड जीवनसत्त्व 13 नॅनोग्रॅम आणि टीएसएच 2.8, म्हणजे थायरॉईड व्यवस्थित. त्यानंतर डॉक्टरांनी पीटीएच नावाची तपासणी सांगितली. ते 164 आले, मर्यादा 15 ते 65 पिकोग्रॅमची आहे. हाडांच्या घनतेच्या तपासणीत कण्याचा टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडांशी केलेली तुलना; जितका उणे तितके हाड विरळ) उणे 1.9, तर मनगटाजवळचा उणे 3.2 आहे. गळ्याच्या सोनोग्राफीत थायरॉईडच्या उजव्या भागात 6 मिलिमीटरची एक छोटी गाठ दिसली, बाकी काही नाही. सेस्टामिबी स्कॅनमध्येही (किरणोत्सारी औषध टोचून पॅराथायरॉईडची गाठ शोधण्याची तपासणी) निश्चित असे काही दिसले नाही. तरीही डॉक्टरांचे म्हणणे असे की हा पॅराथायरॉईडचा आजार आहे आणि गळ्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी.

घरात यावरून मतभेद आहेत. स्कॅनमध्ये काही दिसत नसताना गळा कापायचा कशासाठी, असे वडील म्हणतात. काकूंच्या मते दूधदुभते बंद केले की कॅल्शियम आपोआप उतरेल. मला स्वतःला कोडे पडले आहे ते वेगळेच. हाडांत कॅल्शियम कमी आहे म्हणून मनगट मोडले, तर मग रक्तात ते इतके जास्त कसे? चुना आणि गोळ्यांमुळे तर हे झाले नसेल ना? आणि थायरॉईडची तपासणी चांगली असताना थायरॉईडच्या जागी शस्त्रक्रिया कशाला? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया लिहावे.

संप्रेरक

मी अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांचा डॉक्टर आहे. तुमच्या आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे खालील मजकूर समजून घेण्यापुरता आहे. निर्णय त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यावा.

नावातच गोंधळ आहे, म्हणून आधी तो दूर करू. पॅराथायरॉईड म्हणजे थायरॉईडच्या शेजारची, एवढाच त्या नावाचा अर्थ आहे. थायरॉईडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढ्या, प्रत्येकी 30 ते 50 मिलिग्रॅम वजनाच्या चार ग्रंथी असतात. शेजार सोडला तर दोघींच्या कामाचा एकमेकींशी संबंध नाही. थायरॉईड शरीराच्या चयापचयाचा वेग सांभाळते, तर या चार ग्रंथी रक्तातील कॅल्शियम एका अरुंद पट्ट्यात ठेवतात. म्हणून टीएसएच चांगले असणे आणि पॅराथायरॉईड बिघडलेली असणे यात कसलाही विरोध नाही. आयोडीनयुक्त मिठाचाही येथे संबंध येत नाही.

आता तुमच्या कोड्याकडे वळू. गच्चीवरील टाकीतला बॉलकॉक आठवा. पाणी वर आले की चेंडू वर उचलला जातो आणि नळ बंद होतो. पॅराथायरॉईडच्या पेशींवर असाच एक संवेदक असतो. रक्तातील कॅल्शियम वाढले की तो पीटीएच हे संप्रेरक सोडणे थांबवतो, कमी झाले की सुरू करतो. हे पीटीएच तीन ठिकाणी काम करते: हाडांतून कॅल्शियम सोडवते, मूत्रपिंडाला कॅल्शियम अडवून फॉस्फरस बाहेर टाकायला लावते आणि ड जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप वाढवून आतड्यातून जास्त कॅल्शियम शोषून घेते. एखाद्या ग्रंथीत गाठ झाली की तिचा चेंडू अडकतो. टाकी भरून वाहू लागली तरी नळ चालूच राहतो, आणि ते पाणी येते हाडांतून. म्हणजे रक्तातील जास्तीचे कॅल्शियम आणि मनगटातील कमतरता ही एकाच चोरीची दोन टोके आहेत. मूत्रपिंड कॅल्शियम अडवत असले तरी रक्तातच ते इतके वाढलेले असते की लघवीतून बरेच वाहून जाते, आणि त्याचेच खडे होतात.

चुन्याबद्दलची तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर तुमच्याच रिपोर्टमध्ये आहे. चुना, गोळ्या किंवा ड जीवनसत्त्वाचा अतिरेक यांनी, म्हणजे बाहेरून आलेल्या कॅल्शियमने, रक्तातील पातळी चढली असती तर निरोगी ग्रंथींनी आपले काम जवळजवळ थांबवले असते आणि पीटीएच 15 च्या खाली किंवा त्याच्या आसपास उतरलेले दिसले असते. आईंचे 164 आहे. दोष ग्रंथीचाच आहे, चुन्याने फार तर आगीत तेल ओतले. तो आजच बंद करा. ज्यांचा आजार यापेक्षा सौम्य आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच लिहून ठेवतो. कॅल्शियम 11 असताना पीटीएच 50 आले तर कागदावर ते मर्यादेत दिसते आणि पुष्कळदा तेवढ्यावर रुग्णाला परत पाठवले जाते. पण त्या कॅल्शियमला ते 50 सुद्धा जास्तच आहे. या दोन आकड्यांचा अर्थ एकमेकांशेजारी ठेवूनच लावायचा असतो, आणि शक्यतो एकाच वेळी काढलेल्या रक्तावरून.

निदान पक्के म्हणण्याआधी मी तीन गोष्टी पाहिल्या असत्या. पहिली, आई रक्तदाबाची गोळी घेतात का? आपल्याकडे रक्तदाबाच्या अनेक जोडगोळ्यांत थायाझाइड गटातील लघवीचे औषध असते आणि नावापुढे बहुधा ‘एच’ हे अक्षर असते. ते औषध लघवीतील कॅल्शियम अडवून रक्तातील पातळी वाढवू शकते. मानसिक आजारासाठी दिले जाणारे लिथियमही असेच करते. दुसरी, चोवीस तासांच्या लघवीतील कॅल्शियम. काही घराण्यांत त्या संवेदकाचाच जन्मजात फरक असतो. अशा लोकांचे रक्तातील कॅल्शियम आयुष्यभर थोडे चढे राहते, पीटीएचही किंचित जास्त असू शकते, पण लघवीतून कॅल्शियम फारच कमी जाते आणि त्यांना शस्त्रक्रियेचा काही उपयोग होत नाही. आईंचे खडे या शक्यतेच्या विरोधात बोलतात, तरी तपासणी करावीच. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि नंतरची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीसह, एकाच कॅनमध्ये जमा करायची. मधली एक वेळ चुकली तरी आकडा फसतो. तिसरी, जुने रिपोर्ट. दहा वर्षांपूर्वीचा एखादा कॅल्शियमचा आकडा सापडला तर तो नव्या स्कॅनपेक्षा मोलाचा ठरेल.

वडिलांच्या आक्षेपाचे उत्तर असे की निदान रक्ताने होते, स्कॅनने नाही. स्कॅन असतो तो ग्रंथी कुठे आहे हे सर्जनला सांगण्यासाठी. शंभरापैकी साधारण 80 ते 85 रुग्णांत एकाच ग्रंथीची साधी गाठ असते, बाकीच्या बहुतेकांत एकापेक्षा जास्त ग्रंथी वाढलेल्या असतात, आणि कर्करोग शंभरात एकापेक्षाही कमी. गाठ लहान असली किंवा अनेक ग्रंथी थोड्या थोड्या वाढलेल्या असल्या की सेस्टामिबी स्कॅन कोरा येऊ शकतो. अशा वेळी फोर-डी सीटी किंवा कोलीन पेट स्कॅन करता येतो, आणि तेही कोरे आले तर अनुभवी सर्जन चारही ग्रंथी उघडून पाहतो. म्हणून कोणता स्कॅन करावा यापेक्षा कोणता सर्जन निवडावा याचा विचार आधी करा. वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करता, हा प्रश्न सर्जनला सरळ विचारावा. त्यात कोणाचाही अवमान नाही. सोनोग्राफीत दिसलेली 6 मिलिमीटरची थायरॉईडची गाठ बहुधा निरुपद्रवी असेल. पन्नाशीनंतर सोनोग्राफी केली की अशा गाठी पुष्कळांच्या गळ्यात सापडतात.

शस्त्रक्रिया करावी का, याचे निकष ठरलेले आहेत. वय 50 पेक्षा कमी असणे, कॅल्शियम वरच्या मर्यादेपेक्षा 1 मिलिग्रॅमहून जास्त असणे, टी-स्कोअर उणे 2.5 किंवा त्याखाली असणे, मणक्याचे फ्रॅक्चर, मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता (ईजीएफआर) 60 च्या खाली जाणे, खडे. यातला एकही पुरेसा असतो. आईंकडे तीन आहेत. मनगटाची घनता मोजून घेतली हे फार बरे झाले. पीटीएच हाडाच्या कठीण बाहेरच्या थराला आधी कुरतडते आणि मनगटाजवळच्या हाडात तोच थर जास्त असतो. नुसता कणा आणि खुबा मोजला असता तर रिपोर्ट बराच चांगला वाटला असता.

दूध बंद करू नका. आहारातील कॅल्शियम तोडले की ग्रंथी आणखी चेकाळते आणि हाडांतून आणखी ओढते. घरचे नेहमीचे जेवण, वाटीभर दही, दोन कप चहातले दूध, हे चालू राहू द्या. वेगळ्या कॅल्शियमच्या गोळ्या सध्या डॉक्टरांना विचारून थांबवाव्यात. पाणी भरपूर द्या. जुलाब-उलट्या झाल्या तर घरी वाट पाहू नका, कारण शरीरातील पाणी कमी झाले की कॅल्शियम झपाट्याने चढते. ड जीवनसत्त्व 13 आहे ते भरून काढायला हवे, पण बेताच्या मात्रेत आणि मध्येमध्ये कॅल्शियम मोजत. सिनाकॅल्सेट नावाची गोळी कॅल्शियम उतरवते, हाडे मात्र सुधारत नाही. ज्यांना शस्त्रक्रिया शक्यच नाही त्यांच्यासाठी ती ठीक आहे.

वाचनवेडी

माझी हीच शस्त्रक्रिया चार वर्षांपूर्वी झाली, तेव्हा मी 54 वर्षांची होते. डॉक्टरांनी वर इतके सविस्तर लिहिले आहे की मी फक्त रुग्णाच्या बाजूने लिहिते.

माझ्याही बाबतीत आजार हातात येण्याआधी बरीच वर्षे गेली. माझी मुख्य तक्रार थकवा आणि उदासपणा ही होती. मी शाळेत शिकवत असे, आणि दुपारच्या तासांना फळ्यासमोर उभी असताना पुढचे वाक्यच सुचेनासे होई. रजोनिवृत्तीमुळे असे होते असे सांगून मला झोपेच्या गोळ्या दिल्या गेल्या. एका रिपोर्टमध्ये कॅल्शियमचा आकडा ठळक अक्षरात छापलेला होता. मी तो दाखवला, तेव्हा कॅल्शियम जास्त असणे चांगलेच, असे उत्तर मला एका दवाखान्यात मिळाले. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी रक्त पुन्हा घ्यायला लावले, तेही दंडाला पट्टा घट्ट न आवळता, कारण पट्टा बराच वेळ बांधून ठेवला तर कॅल्शियमचा आकडा खोटाच थोडा वर जातो. तरीही ते 11.1 आले.

शस्त्रक्रियेबद्दल भीती होती त्यापेक्षा प्रत्यक्ष प्रकार पुष्कळ सोपा निघाला. गळ्याच्या नैसर्गिक घडीत तीन-साडेतीन सेंटिमीटरचा छेद घेतला होता. गाठ काढण्याआधी आणि काढल्यावर दहा मिनिटांनी असे दोन वेळा त्यांनी पीटीएच मोजले, आणि ते 190 वरून 38 वर आले होते. हे संप्रेरक रक्तात काही मिनिटांतच निम्मे होते, त्यामुळे दोषी ग्रंथी खरोखर निघाली की नाही हे मी टेबलावर असतानाच कळते. पातळी निम्म्याहून खाली उतरली नाही तर सर्जन आणखी शोधतात. तुम्ही ज्या रुग्णालयात जाल तिथे ही सोय आहे का, हे आधी विचारून घ्या, विशेषतः स्कॅन कोरा असल्यामुळे.

दुसऱ्या दिवशी घरी आले. तिसऱ्या रात्री ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. रक्तातील पीटीएच अचानक उतरले की इतकी वर्षे उपाशी राहिलेली हाडे कॅल्शियम भराभर ओढून घेतात आणि रक्तातील पातळी खाली जाते. हे घडते ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे नेमके आपण घरी आलेलो असताना. मला आधीच समजावून सांगितले होते म्हणून चघळायच्या गोळ्या उशाशी होत्या. दोन घेतल्या आणि तासाभरात मुंग्या थांबल्या. तुमच्या आईंची हाडे माझ्यापेक्षा जास्त झिजलेली आहेत आणि ड जीवनसत्त्वही कमी आहे, तेव्हा त्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो. त्यांना दोन दिवस जास्त रुग्णालयात ठेवायला सांगितले तर कुरकुर करू नका.

आवाज सुमारे तीन आठवडे बसलेला होता. स्वरयंत्राची नस या ग्रंथींच्या अगदी जवळून जाते, म्हणून आधी आणि नंतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू पाहून घेतात. आई भजन म्हणत असतील तर सर्जनला आवर्जून सांगा.

थकवा कधी गेला ते नेमके सांगता येणार नाही. एवढे आठवते की महिन्याभराने एका दुपारी मी सहावीच्या वह्यांचा अख्खा गठ्ठा एका बैठकीत तपासून संपवला, आणि संपल्यावर लक्षात आले की मध्ये उठलेच नव्हते. मात्र सगळ्या तक्रारी जातील असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. माझे गुडघे अजून दुखतातच.

तुळस

मी याच गावाच्या दुसऱ्या वेशीवरून आले आहे. माझी थायरॉईड गाठींमुळे संपूर्ण काढावी लागली आणि त्यात चारही पॅराथायरॉईड दुखावल्या. ज्या दाण्यांचे अस्तित्वही मला ठाऊक नव्हते, ते गेल्यावर कळले की ते होते. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी रक्तातील कॅल्शियम उतरल्यामुळे माझी बोटे आपोआप जुळून हात चोचीसारखा झाला. परिचारिकेने रक्तदाबाचा पट्टा बांधून फुगवला की दोन-तीन मिनिटांत हात पुन्हा तसाच होई, आणि कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली की ओठाचा कोपरा उडे. बऱ्याच जणांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा काम करू लागतात. माझ्या लागल्या नाहीत. गेली सात वर्षे मी दिवसातून तीन वेळा कॅल्शियम आणि त्याबरोबर कॅल्सिट्रायॉल, म्हणजे ड जीवनसत्त्वाचे आधीच सक्रिय केलेले रूप, घेते. नेहमीच्या साठ हजारांच्या पुड्या माझ्या उपयोगाच्या नाहीत, कारण ड जीवनसत्त्वाला सक्रिय करायला जे पीटीएच लागते तेच माझ्याकडे नाही.

हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही. आईंची एकच ग्रंथी काढली तर उरलेल्या तीन काही काळ झोपलेल्या राहून पुन्हा जाग्या होतात. माझी गोष्ट वेगळी होती. पण चारही ग्रंथी उघडून पाहण्याची वेळ आली, तर निरोगी ग्रंथींना धक्का न लावणारा हात हवा. लखनौच्या संजय गांधी संस्थेत एंडोक्राइन सर्जरीचा वेगळा विभागच आहे. तिकडे जावे असे नाही, पण आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही आता याच कामाचे प्रशिक्षण घेतलेले सर्जन मिळतात, त्यांच्यापैकी कोणाला तरी एकदा रिपोर्ट दाखवा.

येथे वाचणाऱ्या, थायरॉईडची गोळी घेणाऱ्या मंडळींसाठी एक सूचना. ती गोळी सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर किमान चार तासांनी घ्यावी. मी वर्षभर दोन्ही एकदम गिळत होते आणि टीएसएच का वाढते आहे म्हणून गोळीची मात्रा वाढवून घेत होते.

जुनी पाने

वैद्यकाशी माझा संबंध नाही, मी निवृत्त शिक्षक आहे. पण या ग्रंथींच्या शोधात एका भारतीय प्राण्याचा वाटा आहे, आणि पुढची गोष्ट तुमच्या कोऱ्या स्कॅनशी थेट संबंधित आहे, म्हणून लिहितो.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एकशिंगी भारतीय गेंडा 1849 मध्ये मेला. रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाने त्याचे विच्छेदन केले, तेव्हा थायरॉईडला चिकटलेली एक छोटी, घट्ट, पिवळसर ग्रंथी त्याला दिसली आणि त्याने ती नोंदवून ठेवली. माणसातील याच ग्रंथींचे वर्णन उप्साला येथील ईवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने 1880 मध्ये प्रसिद्ध केले, पण तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढे 1925 मध्ये व्हिएन्नात फेलिक्स मांडल या सर्जनने हाडे मोडत चाललेल्या एका ट्रामच्या कंडक्टरच्या गळ्यातून पॅराथायरॉईडची गाठ काढली. गंमत अशी की त्याआधी त्याने उलटाच उपाय केला होता: ग्रंथी कमी पडते आहे असे समजून रुग्णाला बाहेरून आणखी पॅराथायरॉईड दिली होती. हाडे ठिसूळ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या, हा त्याच विचाराचा आजचा अवतार म्हणायला हरकत नाही.

खरी गोष्ट चार्ल्स मार्टेल यांची आहे. ते अमेरिकेतील व्यापारी जहाजाचे कप्तान होते. या आजाराने त्यांची हाडे इतकी खचली की उंची सुमारे सात इंचांनी कमी झाली. त्यांचा गळा पुन्हा पुन्हा उघडला गेला आणि गाठ काही सापडली नाही. शेवटी 1932 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात सातव्या शस्त्रक्रियेच्या वेळी ती छातीत सापडली. मार्टेल स्वतः वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन वाचत असत आणि छातीत शोधा असा त्यांचाच आग्रह होता, असे सांगतात. गाठ मिळाली, पण मूत्रपिंडे तोवर खराब झाली होती आणि त्यानंतर काही आठवड्यांतच ते खड्याच्या शस्त्रक्रियेनंतर वारले.

संप्रेरक

गुरुजी, मार्टेल यांची गोष्ट आम्ही विद्यार्थ्यांना आजही सांगतो. गर्भात खालच्या दोन पॅराथायरॉईड छातीतील थायमस ग्रंथीच्या सोबतीने खाली उतरतात आणि कधीकधी वेळेवर थांबत नाहीत. म्हणूनच स्कॅन जबड्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत घ्यायला सांगतात. कृष्णाकाठ, तुमच्या आईंच्या सेस्टामिबी स्कॅनमध्ये छाती घेतली होती का, ते अहवालात पाहा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला महिना लागला, कारण सांगितलेल्या गोष्टी एकेक करून घेत होतो.

रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे खरोखरच ‘एच’ होते. डॉक्टरांनी ती बदलून दिली, चुना आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद झाल्या, आणि तीन आठवड्यांनी पट्टा न आवळता घेतलेल्या रक्तात कॅल्शियम 11.3 आले, पीटीएच 158. चोवीस तासांच्या लघवीत 310 मिलिग्रॅम कॅल्शियम निघाले, म्हणजे ते मुळीच कमी नाही. त्यासाठीचा कॅन आईने न्हाणीघराच्या कोनाड्यात झाकून ठेवला होता आणि वेळा तिच्या हिशेबाच्या वहीत लिहिल्या होत्या.

जुने रिपोर्ट गावी ट्रंकेत, साडीच्या दुकानाच्या पिशवीत सापडले. 2012 मध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेआधी केलेल्या तपासणीत कॅल्शियम 9.4 होते, म्हणजे जन्मजात प्रकार नाही. पहिल्या खड्याच्या वेळच्या कागदावर ते 10.8 आहे आणि त्यापुढे तारांकन छापलेले आहे. तो कागद मी बराच वेळ हातात धरून बसलो होतो. तेव्हा मीच तो घडी घालून पिशवीत ठेवला होता.

सेस्टामिबी स्कॅन छातीपर्यंत घेतला होता, तरी दिसले नव्हते. नव्या सर्जनने फोर-डी सीटी करायला लावला. त्यात डाव्या बाजूला, थायरॉईडच्या खालच्या टोकाखाली 11 मिलिमीटरची गाठ दिसते आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी पीटीएच मोजण्याची सोय तिथे आहे. स्वरतंतू पाहून झाले, दोन्ही व्यवस्थित हलतात. वडिलांनी सीटीचे चित्र खिडकीशी धरून पाहिले, काही बोलले नाहीत, आणि संध्याकाळी स्वतःच विचारले की तारीख कोणती मिळाली.

वाचनवेडी ताई, आईचा एक प्रश्न आहे आणि तो सर्जनला विचारायला ती लाजते. मंगळसूत्र किती दिवस काढून ठेवावे लागेल?

वाचनवेडी

शस्त्रक्रियेच्या दिवशी धातूचे काहीच अंगावर ठेवू देत नाहीत, तेव्हा ते घरीच ठेवा, रुग्णालयात नेऊ नका. नंतर मी महिनाभर घातले नव्हते, कारण पोत नेमकी व्रणावर घासत होती आणि काळे मणी ओल्या टाक्यांवर चिकटत होते. पुढे लांब पोत करून घेतली, ती व्रणाच्या खालून जाते. आता व्रण शोधून दाखवावा लागतो. चघळायच्या कॅल्शियमच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या आधीच डॉक्टरांना विचारून आणून ठेवा. आमच्याकडे तिसऱ्या रात्री दीड वाजता त्या लागल्या होत्या.